नाचाचा कागद

मी नृत्य शिकवते असं सांगितलं की गोंदियात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते ठीक आहे मॅडम, पण नोकरी कुठे करता?" हीच नोकरी आहे, विद्यापीठाची आहे, पगारही होतो, असं सांगितल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे थोड्या आदराने आणि बऱ्याच संशयाने बघतो. पूर्वी मी भांडायचे. आता म्हणते, "हो ना, बघा ना, सरकारचं काय डोकं फिरलंय," आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागते.

घर गोंदियाजवळ, कुडव्याला. वरच्या मजल्यावर मी आणि नवरा, खाली भाडेकरूचं किराणा दुकान. मी पहाटे तत्कार करायला लागले की दुकानदार जिन्यात येऊन ओरडतो, "मैडमजी, ऊपर राइस मिल डाली है क्या?" मी हे कौतुक म्हणूनच घेते. कथकमध्ये तत्कार म्हणजे तळपाय जमिनीवर असा सपाट मारायचा की बोल ऐकू आला पाहिजे. तबला शेजारी नसला तरी पायातून तबला निघाला पाहिजे. घुंगरू बांधले की कुणाचाही पाय वाजतो, त्यात काय मोठं! घुंगरू म्हणजे पावडर. पावडर लावून सगळेच गोरे दिसतात. म्हणून अभ्यासक्रम नव्याने लिहायची वेळ आली तेव्हा मी एक नियम हट्टाने त्यात घातला: प्रात्यक्षिक परीक्षेत तत्कार बिनघुंगरांचा करायचा, आणि तो ऐकूनच त्याचे गुण द्यायचे. बैठकीत दोघांनी कुरकुर केली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा प्यायला लागले.

दुसरा माझा नाद म्हणजे चाल. माणसाचा चेहरा मी विसरते, चाल विसरत नाही. गिरणीतला हमाल पोतं उतरवल्यावरही काही पावलं पोत्यासकटच चालतो, बँकेतला साहेब दारातून आत शिरताना आधी पोट पाठवतो. नवरा म्हणतो, "तू सारखी लोकांच्या पायाकडे बघतेस, लोकांना वाटतं तुझी चप्पल चोरीला गेली."

तर अशी मी, पायांचा आवाज ऐकून पोट भरणारी बाई. आणि त्या जुलैत माझ्या वर्गात एक बाई आली ती मला ऐकूच आली नाही.

मी पाठमोरी उभी राहून फळ्यावर एका तोड्याचे बोल लिहीत होते. अगदी कानाशी आवाज आला, "मॅडम." मी केवढ्याने किंचाळले! हातातली ठेका द्यायची काठी माझ्याच अंगठ्यावर पडली. मागे चाळिशीची एक बाई उभी, खाकी शर्ट, खाकी पॅन्ट, डोक्यावर टोपी. लाकडी फरशीवरून दारापासून फळ्यापर्यंत आली होती, बूट घालून, आणि एक फळी करकरली नव्हती.

"इथं नाचाचा कागद भेटते म्हणे?"

"कसला कागद?"

"डिगरी. नाचाची. भेटते का नाही ते सांगा, नाही त माही गाडी उन्हात उभी हाय."

मी अंगठा चोळत तिला बसवलं. ती नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होती. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून हातात वेळ. गाव चोरखमाऱ्याच्या बाजूचं, घर शेतकऱ्याचं. माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. आणि माहेरी होते तिचे बाबा, त्या गावच्या दंडारीतली राणी.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण सांगते. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि त्या दिवशी भर दुपारी मैदानात खडी दंडार होते. नाच, गाणी, राजा-राणीचा प्रसंग, सगळं उभ्याने. नाचणारे सगळे पुरुष. राणीसुद्धा पुरुष. तिचे बाबा तरणे होते तेव्हापासून राणी नाचत होते. वर्षभर मिशी ठेवायची, मंडईच्या सकाळी काढायची, जरीचा लाल शालू नेसायचा. ही लहानपणापासून बायकांच्या घोळक्यात बसून ते पाहत होती. बाबांचं एकेक पाऊल तिला पाठ होतं, पण मैदानात उतरायची सोय नव्हती.

"गेल्या मंडईले बाबा म्हणले, गुडघे गेले, आता दोनच मंडई नाचतो, मंग शालू खाली ठेवतो. मी म्हटलं, मले द्या. त सारे लोक हासले. बाबा सगळ्यायच्या मधात म्हणले, नाचाचा सरकारी कागद घेऊन ये, शालू तुले. नाही त भाच्याले देतो."

"त्यांना काय वाटलं, असा कागद नसतोच?"

"हो ना. मलेही वाटे नाही भेटत. मंग एका टुरिस्टनं सांगतलं का गोंदियाले भेटते."

मी हसले. खूप हसले. मग एकदम तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरीला चारचौघांत असं हसण्यावारी न्यायचं? त्याच दिवशी तिचा एक वर्षाच्या पदविकेचा अर्ज मी स्वतः भरला, शिपायाला दटावून शिक्का मारून घेतला. "पुढच्या वर्षीच्या मंडईला तुझ्या अंगावर शालू नसेल तर मी नाव बदलीन," असंही म्हटलं. मला असं काहीतरी बोलायची सवय आहे.

पहिल्याच दिवशी कळलं की मी काय ओढवून घेतलंय.

तिचे पाय वाजत नव्हते. ताल चोख, पाऊल जिथल्या तिथे, अंग हलकं, आणि आवाज शून्य. मी म्हटलं, जोरात. तिने जोरात मारला. पाय वेगाने खाली आला आणि अगदी शेवटच्या क्षणी थांबून कापसावर ठेवावा तसा ठेवला गेला. मी म्हटलं, आपट! तिने आपटला. काही नाही. मागच्या रांगेतल्या पोरी आधी काकू-काकू करत कौतुकाने बघत होत्या, त्यांतली एक म्हणाली, "मॅम, काकू के पैर म्यूट पे हैं क्या?"

"अगं बाई, तुझा पाय जमिनीवर रागावत का नाही?" मी विचारलं.

"कसा रागावन? लहानपणापासून मोहफुलं वेचाले जातो आमी. अस्वल त्याच मोहाखाली राहाते. त्याच्या आधी पोचाचा अन त्याले कळू नाही द्याचा. पाय वाजला का गेला जीव."

आता यावर कोणत्या गुरूने काय बोलावं? मी तिला पत्र्यावर नाचवलं. फळीवर नाचवलं. एकदा रागाच्या भरात माझ्या घरी नेऊन जिन्याच्या लोखंडी पायऱ्यांवर नाचवलं, तेव्हा खालचा दुकानदार वर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आज मिल बंद है क्या?" घुंगरू बांधले तर घुंगरूसुद्धा तिच्या पायात कुजबुजायचे.

बाकी मात्र ती वर्गाची लाडकी झाली. अभिनयाच्या तासाला तिने मोह खाऊन झिंगलेलं अस्वल केलं, त्या दिवशी हसून हसून एका पोरीला उचकी लागली ती सुट्टीपर्यंत थांबली नाही. चितळ कान टवकारतं म्हणजे काय, हे ती नुसत्या मानेने दाखवायची आणि आपण खिडकीकडे बघायचो, खरंच काही आलं की काय. जंगल उघडल्यावरही ती आठवड्यातून दोनदा सकाळची सफारी आटोपून गाडी मारत गोंदियाला यायची. ओढणी धुळीने भरलेली, डोळे लाल. "कायले जीव काढून राहिली?" असं मी तिच्याच भाषेत विचारलं तर म्हणायची, "मले तो शालू पायजे." बस, दुसरं उत्तर नाही.

एकदा तिने मला चोरखमाऱ्याच्या तलावावर पक्षी दाखवायला नेलं. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, आम्ही दोघी चाललो होतो. समोर पाण्यात बदकांचा थवा. मी ऐटीत पावलं टाकतेय, तोच अख्खा थवा फडफडत उठला आणि दिसेनासा झाला. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमी चालून राहिल्या का धान कुटून राहिल्या?"

"मी हळूच चालतेय गं."

"हे हळू? तुमच्या मागं मी आली असती त मले वाघाची नाही, तुमचीच भीती वाटली असती."

तिने मला गप्प चालायला शिकवायचा प्रयत्न केला. टाच उचल, बोट टेकव, मग वजन. मला एक पाऊल जमलं नाही. जमलं नाही म्हणून मी चिडले आणि पाय आपटला, तशा उरल्यासुरल्या दोन टिटव्याही उडाल्या. परतताना आम्ही दोघी एकमेकींवर रुसलेल्या होतो.

मे महिन्यात परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले, मोठ्या शहरातले, वयस्कर, अंगावर शाल, तेही आमच्या मे महिन्यात. आम्हा नृत्याच्या लोकांत एक थाट असतो: तत्कार ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. खरा जाणकार कानाने बघतो म्हणे. मीही मिटते, खोटं कशाला बोलू! या साहेबांनी डोळे मिटले, मान किंचित तिरपी केली आणि बोटाने खूण केली. तिने सुरू केलं. विलंबित, मध्य, द्रुत. मी डोळे मिटायचं विसरून बघत होते, कारण इतकं नेटकं काम त्या वर्षी एकाही पोरीने केलं नव्हतं. तिने सम गाठली, हात जोडले, घाम पुसला.

साहेबांचे डोळे मिटलेलेच. बराच वेळ गेला. मग ते प्रेमळपणे म्हणाले, "घबराइए मत बेटा, शुरू कीजिए."

"झाला सर," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे उघडले. आपली थट्टा चाललीय असं त्यांना वाटलं असावं. मी मध्ये पडले, म्हटलं, सर, डोळे उघडे ठेवले असते तर दिसलं असतं. पुन्हा करून दाखवते ती, यावेळी बघा. त्यांनी शांतपणे अभ्यासक्रमाची पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, नियम तो आप ही ने बनाया है. सुनना है, देखना नहीं." तत्कारात नापास म्हणजे प्रात्यक्षिकात नापास, प्रात्यक्षिकात नापास म्हणजे कागद नाही. पुरवणी परीक्षा होती, पण ती मंडईनंतर.

निकाल लागला त्या दिवशी ती रडली नाही. मी रडले. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम. बाबाच्या भाच्यानं शालू धुवाले टाकला बी."

मंडईच्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "तू कशाला जातेस? तुझा तिथे काय संबंध?" मी म्हटलं, संबंध काढायलाच जातेय. आणि स्कूटर काढली. वाटभर मी भाषण तयार करत होते. स्त्री, कला, परंपरा, सगळं आणलं होतं त्यात.

गाव माणसांनी फुललं होतं. जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, पिपाण्या. तलावाच्या पाळीखालच्या मैदानात लोकांनी रिंगण धरलं होतं आणि मधोमध राणी बसली होती. लाल शालू, नाकात नथ, हातभर बांगड्या, गालात तंबाखूचा खर्रा. सत्तरीचे बाबा. त्यांचा भाचा राजाच्या वेशात बाजूला उभा, आज संध्याकाळपासून आपणच राणी या आनंदात. ही बायकांच्या घोळक्यातून उठली आणि सरळ रिंगणात गेली.

"कागद आणला का?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"नापास झाली."

ही बाई खोटंसुद्धा बोलू शकत नव्हती! लोक खो-खो हसले. मी लोकांना ढकलत आत घुसले. भाषण केव्हाच विसरले होते. "अहो, मी हिची मॅडम! तो कागद मीच देते! वर्षभर शिकवलंय हिला, हिच्यासारखं कुणी नाचत नाही, मी सांगते ना!"

बाबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी मॅडम का? मंग तुमी नाचून दाखवा. तुमाले येते का नाही ते त कळू द्या."

आता काय करता! लोक टाळ्या वाजवायला लागले. मी चप्पल काढली, पदर खोचला, ढोलकीवाल्याला म्हटलं, धर तीनताल. त्याला तीनताल माहीत नव्हता, त्याने आपला ठेका धरला. मी मनात म्हटलं, थांबा, आता दाखवते. आणि माझा गाजलेला तत्कार सुरू केला.

मातीत. बोटभर फुफाट्यात. मी पाय मारला तर नुसतं फस्स झालं. जोरात मारला, धूळ गुडघ्यापर्यंत आली. आणखी जोरात मारला, पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. राइस मिल साफ बंद. मी जीव तोडून नाचतेय आणि लोक शांतपणे वाट बघताहेत. शेवटी बाबा खर्रा थुंकून म्हणाले, "मॅडम, धूळ बसू द्या, मंग सुरू करा."

मला मरणाची लाज वाटली आणि मग हसूच फुटलं. कंबर धरून मी हसत राहिले, डोळ्यांत धूळ आणि पाणी. तेवढ्यात ढोलकीचा ठेका बदलला. तिने नजरेनेच ढोलकीवाल्याला खूण केली होती. साधी मोरपंखी साडी, पायांत काही नाही. राणी दरबारात येते तो प्रवेश तिने सुरू केला. धुळीचा एक कण उडाला नाही. मान वळली, भुवई उचलली, हात कमरेशी आला, आणि खरं सांगते, मैदानातले जिलेबीवालेसुद्धा झारा हातात धरून बघत राहिले. मी कथक वगैरे विसरले. मला फक्त राणी दिसत होती.

नाच संपला. लोक ओरडले, "द्या बाबा शालू! द्या!" मला वाटलं, जिंकलो. बाबा उठले. गुडघ्यावर हात देत, हळूहळू. त्यांनी पदर खांद्यावरून काढला नाही, उलट दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"देत नाही," ते म्हणाले.

"बाबा, शबुद देल्ला होता तुमी."

"देल्ला होता. कागद आणला असता तरी देत नोव्हतो."

"काऊन?"

म्हाताऱ्याच्या गालावरची पावडर ओली झाली होती. "तू एवढीशी होती, घरात माह्या मागं मागं नाचे, तवाच समजलं होतं मले. तू उतरली त लोक मले कायले पाहातीन?"

मी या माणसाशी भांडायला आले होते, आणि आता मला त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं. माझेही गुडघे दुखतात. माझ्या वर्गातही दरवर्षी एखादी पोर अशी येते, की तिला बघितलं की छातीत अभिमान आणि कळ एकदमच उठते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती बापाजवळ गेली. रागावेल असं वाटलं, पण तिने वाकून त्यांच्या घसरलेल्या निऱ्या सारख्या केल्या, त्यांच्या कमरेला खोचल्या.

"मले शालू नोको, बाबा. तुमी सोडू नोका. मी अशीच नाचतो, तुमच्या बाजूले."

"दोन राण्या?" राजा झालेला भाचा घाबरून म्हणाला. "मी दोघींले कसा पाहू? गाण्यात त एकच हाय!"

"मंग गाणं बदलव," बाबा त्याच्यावर खेकसले, आणि नाक पुसून ढोलकीवाल्याला म्हणाले, "वाजव रे, आता कायची वाट पाहून राहिला?"

मी पाळीच्या उतारावर बायकांमध्ये जाऊन बसले. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. खाली ऊन कलेपर्यंत राजाच्या दोन्ही बाजूंना दोन राण्या नाचत राहिल्या. जिथे म्हाताऱ्याचा गुडघा अडे तिथे ती आपला फेरा तेवढाच आखूड करी, कुणाला कळू न देता, आणि लोक दोघींना पाहत होते.